पिकअपच्या टाकीतली मोटर

शुक्रवारी सकाळी पिकअप सुरू झाली नाही. स्टार्टर नीट फिरत होता, बॅटरीही चांगली होती, पण इंजिन पकडत नव्हतं. हौद्यात अंधेरीच्या ऑफिसांसाठी भरलेल्या कुंड्या होत्या. त्या सगळ्या मी परत उतरवल्या, बिल्डिंगच्या मागच्या सावलीत लावल्या, ऑफिसांना फोन करून सोमवारी येते म्हणून कळवलं आणि मग गॅरेजवाल्याला फोन केला. तो पुतणीच्या लग्नाला साताऱ्याला गेला होता.

"मंगळवारी बघतो ताई," तो म्हणाला. "गाडी काय पळून जाते काय?"

आमचा धंदा झाडं भाड्याने देण्याचा. अंधेरी आणि गोरेगावची ऑफिसं स्वतः झाडं सांभाळत नाहीत. आम्ही मनी प्लांट, अरेका पाम, स्नेक प्लांट नेऊन ठेवतो आणि पंधरा दिवसांनी ती परत आणून ताजी झाडं ठेवतो. एसीत कंटाळलेली झाडं मुलुंडला आमच्या बिल्डिंगमागच्या जागेत पुन्हा जीव धरतात. आम्ही म्हणते, पण आता मीच. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला असते. घरी शिजवण्याइतकं शिजवते, पुसण्याइतकं पुसते, आणि आठवड्यातले चार दिवस पिकअप घेऊन बाहेर पडते. त्या चार दिवसांत लोक माझ्याशी बोलतात. पँट्रीतल्या बायका, लिफ्टवाले, गेटवरचे सिक्युरिटीवाले. उरलेल्या तीन दिवसांत दूधवाल्याची पिशवी दाराला लटकलेली असते, तेवढाच संबंध.

शुक्रवारी दुपारी दिराचा फोन आला. तो घाटकोपरला राहतो. गाडी बंद पडल्याचं त्याला मीच सकाळी बोलून गेले होते.

"वहिनी, ऐक. तो पाण्याच्या जारवाला आहे ना आपल्या ओळखीतला, त्याला पिकअप हवीय. बंद आहे तशी घेऊन जाईल. तू कशाला त्रास काढतेस?"

"भाऊजी, गाडी दुरुस्त होईल."

"कोण करणार? आणि परत बंद पडली तर? लिंक रोडवर भर उन्हात एकटी उभी राहणार? इकडे ये आमच्याकडे. शेजारच्या चाळीत खोली रिकामी आहे. तुझी जाऊ कधीपासून सांगतेय."

तो वाईट बोलत नव्हता. सगळं खरं होतं. शेवटी मी म्हणाले, "रविवारी संध्याकाळपर्यंत सुरू झाली नाही तर घेऊन जा."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण शब्द दिलाय. आमच्या घरात दिलेला शब्द मागे घेत नाहीत, निदान मोठ्या वहिनीने तरी नाही. तो जारवाल्याला घेऊन रविवारी संध्याकाळी येणार, आणि गाडी उभीच असेल तर किल्ली द्यावी लागणार. पिकअप गेली की ऑफिसं गेली. मग कुंड्या कुणाला तरी देऊन घाटकोपरच्या त्या खोलीत, जावेच्या शेजारी बसायचं. जाऊ चांगली आहे. पण तिथे मला काम नाही.

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची यादी असते. मी बसून यादी केली: गाडी का सुरू होत नाही. एकेक ओळ तपासून खोडायची.

आमच्या पिकअपला सीएनजी किट मागाहून बसवलंय. ती सुरू होते पेट्रोलवर, आणि इंजिन तापल्यावर सीएनजीवर जाते. म्हणून सीएनजी भरलेला असला तरी पेट्रोल मिळाल्याशिवाय ती जागी होत नाही. पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलायला टाकीच्या आत एक छोटी मोटर असते, दुकानात तिला फ्युएल पंप म्हणतात. किल्ली 'ऑन'वर नेली की ती दोन-तीन सेकंद वाजते आणि थांबते. वाजली तर मोटर ठीक, नाही वाजली तर तिथून पुढे शोधायचं. नवरा गाडीची सगळी कामं रविवारी कंपाऊंडमध्ये स्वतः करायचा आणि वीस वर्षं मी त्याच्या हाताखाली होते, त्यामुळे एवढं मला ठाऊक होतं.

पण ही तपासणी दोन माणसांची आहे. मी केबिनमध्ये बसायची, तो हौद्याखाली टाकीला कान लावायचा. मी विचारायची, "देऊ का?" तो म्हणायचा, "दे." मी किल्ली फिरवायची आणि मागून आवाज यायचा, "हां." म्हणजे मोटर वाजली. ती वाजते कशी, हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

आता किल्ली फिरवून मी मागे धावले तर पोचेपर्यंत दोन सेकंद संपलेले. पुन्हा फिरवली, पुन्हा धावले. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी बघत होतं, मग पडदा ओढला गेला. तेव्हा मी फोन रेकॉर्डिंगला लावून टाकीशेजारी चासीवर ठेवला, केबिनमध्ये जाऊन किल्ली फिरवली, खाली उतरले आणि फोन कानाला लावला.

आधी माझ्या चपलांचा आवाज. मग दरवाजा. लांब कुठेतरी मिक्सर चालू होता. मग माझाच आवाज, अगदी स्पष्ट: "देऊ का?"

त्यानंतर थोडा वेळ मिक्सरच. मी थांबले होते. मग किल्लीचा खट्, आणि परत मिक्सर.

ते रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. मिक्सर बंद होईपर्यंत थांबले आणि दुसरं केलं, तोंड मिटून. मोटर वाजत नव्हती. फ्यूज बघितला, तो चांगला. मग टाकीवरचा प्लग काढून त्याच्या तारांना छोटा बल्ब जोडला आणि फोनने त्या बल्बचा व्हिडिओ घेतला. किल्ली फिरवल्यावर बल्ब क्षणभर लागला. म्हणजे करंट टाकीपर्यंत येत होता आणि मोटर तो घेऊन काही करत नव्हती. मोटर मेली होती.

का मेली तेही समजलं. ही मोटर पेट्रोलमध्ये बुडालेली असते आणि पेट्रोलनेच थंड राहते. सीएनजीवर गाडी चालवणारे लोक पेट्रोल कशाला भरायचं म्हणून टाकी जवळजवळ रिकामी ठेवतात, आणि मोटर कोरडी फिरून जळते. नवरा पाव टाकीच्या खाली काटा येऊ द्यायचा नाही. मी खर्चाची यादी नव्याने केली तेव्हा पेट्रोलची ओळ निम्म्यावर आणली होती. यादीत ते चांगलं दिसत होतं.

शनिवारी कुर्ल्याला गेले. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांची ओळच आहे, आणि नवरा ज्या दुकानातून सामान घ्यायचा ते मला माहीत होतं. काउंटरवरच्या माणसाने मला ओळखलं. पूर्वी मी दुकानाबाहेर पिकअपमध्ये बसून राहायची, कुणी गाडी हलवा म्हणालं तर हलवायला.

"फ्युएल पंप, और उसकी रिंग," मी गाडीचं मॉडेल सांगून म्हणाले.

"रिंग भी? पढ़ के आयी हो भाभी," तो हसला. मोटर काढून प्लास्टिकमधून दाखवली. "साहब नहीं आये?"

"नहीं."

"बोलना, टंकी पूरी सुखा के मत चलाओ. सब लोग यही करते हैं, फिर मेरे पास आते हैं."

"बोलती हूं," मी म्हणाले आणि पिशवी घेऊन निघाले. रस्ता ओलांडून बसस्टॉपवर पोचल्यावर वाटलं, परत जाऊन सांगावं. मग बस आली.

रविवारी सकाळी लवकर कामाला लागले. आदल्या रात्री यादी करून ठेवली होती आणि ती केबिनच्या काचेवर आतून चिकटवली. सीएनजीचा कॉक बंद. बॅटरीची वायर काढली. वाळूची बादली जवळ. गेटवरच्या वॉचमनला सांगितलं, बिडी पलीकडे ओढ. टाकीच्या वरची धूळ ब्रशने साफ केली, कारण ती आत पडली तर नव्या मोटरची वाट लागते. टाकीत पेट्रोल जेमतेम होतं, म्हणून ती एकट्या बाईला खाली घेता येण्याइतकी हलकी होती.

टाकी दोन पट्ट्यांवर टांगलेली असते. खाली फळी ठेवून जॅक लावला आणि पट्ट्यांचे बोल्ट सोडवायला लागले. पहिला सुटला. दुसरा गंजलेला होता. त्यावर तेल सोडून थांबले, मग पान्याला पाइपचा तुकडा लावून जोर दिला. सुटला तेव्हा पान्यासकट मीच मागे बसले. नवरा असता तर हसला असता, आणि मी चिडले असते.

दर थोड्या वेळाने तिसरा हात लागत होता. एका हाताने टाकी सावरायची, एका हाताने जॅक उतरवायचा, आणि पाइप अडकू नये म्हणून तो बाजूला धरायला कुणीतरी हवं. आमच्या धंद्यात सुतळी कायम खिशात असते. वेली बांधायला लागते. मी पाइप सुतळीने हौद्याच्या कडीला बांधला, वायर दुसऱ्या कडीला, टॉर्च चासीला. हळूहळू गाडीचं पोट सुतळ्यांनी भरलं. आमच्या गॅलरीतल्या जाईच्या वेलाला मी असंच बांधते.

"काय गो, गाडीखाली काय करतंस?"

तळमजल्यावरचे काका होते. रिटायर्ड, मालवणकडचे. एकेकाळी रविवारी नवऱ्याने बॉनेट उघडलं की हे खुर्ची घेऊन बाहेर यायचे आणि दुपारी जेवायला हाक येईपर्यंत सल्ले द्यायचे. कधी पाना उचलला नाही, पण सल्ला चुकवला नाही. नवरा गेल्यापासून ती खुर्ची बाहेर आली नव्हती. जिन्यात भेटले तर मान हलवून पुढे जायचे.

"टाकीतली मोटर बदलतेय, काका."

"एकटी?"

"आहे कोण दुसरं?"

जरा वेळाने मला त्यांच्या चपला दिसेनाशा झाल्या. मी पुन्हा टाकीकडे वळले.

टाकी खाली आली. वरची गोल रिंग लाकडाच्या तुकड्याने ठोकून फिरवली, कारण लोखंडावर लोखंड मारलं तर ठिणगी पडते. जुनी मोटर बाहेर निघाली. तिच्या तळाची जाळी काळ्या चिखलाने भरली होती. टाकीतलं उरलेलं पेट्रोल मलमलच्या फडक्यातून गाळून घेतलं, टाकी आतून पुसली, नवी रबरी रिंग बसवली, नवी मोटर खाली सोडली. तिच्यावर एक बाण असतो आणि टाकीवर एक खूण. दोन्ही समोरासमोर आणून वरची रिंग घट्ट केली. गाळलेलं पेट्रोल परत ओतलं.

चढवणं उतरवण्यापेक्षा अवघड निघालं. फळीवरची टाकी सारखी एका बाजूला कलायची. जॅक अर्धा चढवला की पट्टा हुकाशी जुळत नव्हता, जुळवायला गेले की टाकी सरकायची. एकदा ती माझ्या मनगटावर आली. लागलं नाही फारसं, पण मी तशीच जमिनीवर पडून राहिले. ऊन चासीच्या खालपर्यंत आलं होतं. कुणाच्या तरी घरी मटणाचा रस्सा होत होता. मला वाटलं, सोडून द्यावं. संध्याकाळी ते येतील, किल्ली देऊ, टाकी अशी फळीवर असताना जारवाला काय म्हणेल तेवढं ऐकून घेऊ. घाटकोपरच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे, हे मी दिराला विचारलंच नव्हतं. तेव्हा ते विचारावंसं वाटलं.

मग समोर खुर्चीचे चार पाय आले. खुर्ची जमिनीवर टेकली आणि काका बसले.

"डावी बाजू वर आहे," ते म्हणाले. "उजवीकडे काहीतरी घाल."

"काय घालू?"

"मला काय विचारतंस? तुझ्या कुंड्यांच्या विटा आहेत की."

मी अर्धी वीट आणून उजवीकडे टाकी आणि फळीच्या मध्ये सरकवली. टाकी सरळ बसली. पट्टे लागले, बोल्ट आवळले, पाइप जोडला, प्लग लावला. एकेक सुतळी सोडली. बॅटरीची वायर परत लावली.

"काका, तुम्ही किल्ली फिरवाल? फक्त ऑन करायची. स्टार्ट नको."

"मी गाडी चालवलेली नाही कधी."

"चालवायची नाहीच. एवढीशी फिरवायची."

ते कुरकुरत केबिनमध्ये चढले. सीटवर बसायला त्यांना वेळ लागला. मी हौद्याखाली गेले आणि टाकीला कान लावला. पत्रा गरम होता, पेट्रोलचा वास नाकात बसला.

"फिरवू?" काका ओरडले.

"फिरवा."

पत्र्याच्या आत काहीतरी सुरू झालं. दूरच्या खोलीत कुणीतरी शिलाई मशीन चालवावी तसं, बारीक आणि एकसारखं. थोडंसं चाललं आणि थांबलं. वीस वर्षं तो हेच ऐकत होता. मी तशीच पडून राहिले, अजून काही ऐकू येतं का बघत.

"काय झालं गो? वाजलं की नाही?" काका ओरडत होते. "अगं बोल ना. मी इथे अडकलोय."

"वाजलं, काका."

मोटर बदलल्यावर पाइपात हवा असते, म्हणून आणखी काही वेळा किल्ली ऑन-ऑफ करावी लागते. काकांना खाली उतरवून ते मी केलं. मग स्टार्ट दिला. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा खोकली, तिसऱ्यांदा पकडलं. हौदा थरथरला. काका खुर्ची उचलून उभे राहिले.

"चालू झाली," ते म्हणाले. जणू ते मला माहीतच नव्हतं. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, तो गेल्यावर तू ही विकून टाकशील." आणि जेवायला गेले.

दुपारी पिकअप पंपावर नेली आणि पेट्रोल भरलं. परत येऊन हात घासले. पेट्रोलचा वास जात नव्हता, चिंचेने घासले तेव्हा जरा गेला. मुलीला फोन लावला, ती बाहेर होती, मागे गोंगाट होता. "आई, मेकॅनिक का नाही बोलावलास? संध्याकाळी बोलते," ती म्हणाली.

संध्याकाळी दीर आला, सोबत जारवाला. मी खाली जायच्या आत दिराने तिथूनच हाक मारली, म्हणून किल्ली घेऊन उतरले आणि गाडी सुरू करून दाखवली. जारवाल्याने इंजिन ऐकलं, बॉनेटमध्ये डोकावला, कंपाऊंडमध्ये एक फेरी मारली.

"झकास आहे," तो म्हणाला. "चालू गाडीचे जास्त देईन मी."

"द्यायची नाही," मी म्हणाले.

दीर मला बाजूला घेऊन गेला. "वहिनी, आज चालू झाली. म्हणून काय झालं? उद्या बाजूच्या सीटवर कोण बसणार आहे?"

"कुंड्या."

त्याला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. "मस्करी नको करूस. मला काळजी वाटते."

"माहीत आहे, भाऊजी. चहा घेणार?"

चहा घेतला दोघांनी. जारवाल्याने गॅलरीतल्या जाईची चौकशी केली. दीर निघताना दाराशी थांबला. "खोली आहे अजून, एवढंच सांगतो."

"खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

तो गोंधळला. "खिडकी? मोरीकडे. का?"

"असंच विचारलं."

ते गेल्यावर कप विसळले. फ्रिजवर सोमवारची यादी लावली. अंधेरीच्या तीन ऑफिसांची झाडं, त्यातला अरेका मोठा. मुलीचा फोन आला नाही. विसरली असेल, कामात असेल.

सोमवारी पवईवरून अंधेरीला पोचले. पहिल्या ऑफिसच्या गेटसमोर गाडी उभी करायला जागा नाही. पूर्वी नवरा कुंड्या वर न्यायचा आणि मी केबिनमध्ये बसून राहायची. आता दोन्ही कामं माझी. ट्रॉलीवर अरेका चढवला आणि लिफ्टपाशी गेले, तोच सिक्युरिटीवाला मागून आला.

"मॅडम, गाडी पुढे घ्या. मागे साहेबांची गाडी लागलीय."

मी अरेका लिफ्टच्या बाजूला ठेवला, बाहेर गेले आणि गाडी पुढे घेतली. परत आले. अरेका वर नेला, खिडकीजवळचा सुकलेला खाली आणला. पँट्रीतली बाई म्हणाली, "शुक्रवारी आला नाहीत, मला वाटलं आजारी आहात." मी म्हणाले, "गाडी बंद होती." तिने मला पाणी दिलं. पाणी संपायच्या आत खालून इंटरकॉम वाजला, गाडी मागे घ्या म्हणून.

त्या सकाळी गाडी हलवायला मी सारखी खाली जात-येत होते. दर वेळी ती सुरू झाली. शेवटच्या वेळी सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, सोबत कुणाला तरी आणत जा, गाडीत बसायला."

मी म्हणाले बघते, आणि मनी प्लांटच्या कुंड्या ट्रॉलीवर लावायला घेतल्या.